लघुपदकांचे वाचन : जर्मन सैनिकी सन्मानचिन्हांच्या छोट्या प्रती आणि आपले संग्रह

१. प्रास्ताविक

अक्कलकोटच्या राजवाड्यातील शस्त्रसंग्रह मराठी मुलुखातील इतिहासाभ्यासकांना सुपरिचित आहे. तलवारीचे पाते, कट्यारीची मूठ, बंदुकीचा चाप यांवरून घडणीचा देश आणि काळ यांचा अंदाज करण्याची पद्धत आपल्याकडे आता चांगली रुळली आहे. युद्धातून घरी येणाऱ्या दुसऱ्या एका वस्तूकडे मात्र तितकेसे लक्ष गेलेले नाही. ती वस्तू म्हणजे पदक. आणि पदकांतही सर्वांत उपेक्षित राहिले ते लघुपदक, म्हणजे समारंभाच्या सायंकालीन पोशाखावर लावण्याकरिता केलेली मूळ पदकाची छोटी प्रत.

लघुपदक म्हणजे मूळ पदकाचा स्वस्त पर्याय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रस्तुत लेखात ही समजूत तपासावयाची आहे. मूळ पदक राज्य देते. लघुपदक धारकाला बहुधा पदरमोड करून घ्यावे लागते. पहिल्यावरून राज्याने त्या माणसाला काय दिले ते कळते, दुसऱ्यावरून त्या माणसाने लोकांपुढे काय मिरवावयाचे ठरविले ते कळते. शिवाय लघुपदकावर धारकाचे नाव सहसा कोरलेले नसते, त्यामुळे त्याची ओळख शेजारच्या पदकांवरूनच पटते. साखळीतून सुटे केलेले लघुपदक मुके होते, हा या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. जर्मन लघुपदकांत तो सर्वांत स्पष्ट दिसतो, म्हणून तेच उदाहरण प्रथम घेतले आहे. त्यातून निघणारा धडा मात्र आपल्या घरांतील आणि संस्थानी संग्रहांतील पदकांनाही लागू पडतो.

२. संज्ञांचा विचार

‘पदक’ हा शब्द मराठीत मुळात अलंकारवाचक आहे. गळ्यातील सरीच्या किंवा माळेच्या मध्यभागी लोंबणारा चपटा दागिना तो पदक. सन्मानचिन्ह हा अर्थ त्याला इंग्रजी अमदानीत ‘मेडल’ या शब्दाच्या सहवासाने चिकटला. हिंदुस्थानी भाषेतील ‘तमगा’ हा शब्द तुर्की ‘तमघा’पासून आलेला असून त्याचा मूळ अर्थ मुद्रा किंवा जनावरांवर उठविलेला मालकीचा डाग असा आहे. ‘बिल्ला’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पट्टेवाल्याच्या पट्ट्यावरील पितळी तकट उभे राहते. अलंकार, मुद्रा आणि अधिकारचिन्ह अशा तीन निरनिराळ्या कल्पना या तीन शब्दांत आहेत, आणि युरोपीय पदकांत त्या तिन्ही एकत्र आलेल्या आहेत.

जर्मन भाषेत ‘ओर्डेन’ आणि ‘एरेनत्साइखेन’ असा भेद करतात. ‘ओर्डेन’ हा शब्द लॅटिनमधील क्रमवाचक ‘ओर्डो’पासून आला. तो मिळणे म्हणजे सन्मानितांच्या एखाद्या मंडळात प्रवेश मिळणे. ‘एरेनत्साइखेन’ म्हणजे केवळ सन्मानाची खूण. मराठीत या दोहोंना आपण पदकच म्हणतो; हा भेद मराठी सूचिकारांनी निदान वर्णनात तरी राखला पाहिजे.

‘मिनिएचर’ या शब्दाची कथाही उद्बोधक आहे. त्याचा मूळ धातू लघुतेचा नाही. हस्तलिखितांतील आद्याक्षरे ज्या शेंदरी द्रव्याने रंगवीत त्याचे लॅटिन नाव ‘मिनियम’; त्यावरून अशा चित्रांना हे नाव पडले. ती चित्रे लहान असत आणि ‘मायनर’ या शब्दाशी ध्वनिसाम्य होते, म्हणून पुढे लहानपणा हाच त्याचा अर्थ झाला. मराठीत वस्तूचे लहानपण पुष्कळदा लिंगबदलाने दाखवितात: डबा–डबी, लोटा–लोटी, सुरा–सुरी. नपुंसकलिंगी ‘पदका’ला अशी जोडी नसल्यामुळे आपल्याला ‘लघुपदक’ हा समास करावा लागतो. जर्मन भाषेने ‘केट्टे’ म्हणजे साखळी या शब्दाला ‘-शेन’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय लावून ‘केट्शेन’ केले. हे नाव त्या छोट्या साखळीचे आहे, तिच्यावरील पदकांचे नाही. समूहाला नाव देण्याची ही प्रवृत्ती पुढील विवेचनात ध्यानात ठेवावी.

३. लघुरूप केव्हा संभवते

ज्या चिन्हाचा आकार रूढ आहे, त्याचेच लघुरूप होऊ शकते. मराठेशाहीत सन्मान होते, आणि ते थोडेथोडके नव्हते. पराक्रमी शिलेदाराला सोन्याचे कडे, तोडे, शिरपेच, वस्त्रे, तलवार, घोडा. मोठ्या सरदाराला पालखी, आबदागीर, इनाम गावे. परंतु एकाचे कडे दुसऱ्याच्या कड्यासारखे असण्याचे बंधन नव्हते. बहुमानाचे मोल सोन्याच्या वजनात, देणाऱ्याच्या हातात आणि दरबारातील प्रसंगात होते. अशा बहुमानाची छोटी प्रत काढावयाची तर कशाची काढणार?

अक्कलकोटच्या भोसले घराण्याचा आरंभ याचे उत्तम उदाहरण आहे. १७०७ साली छत्रपती शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून दक्षिणेत आले. तेव्हा पारद गावच्या लढ्यानंतर लोखंडे पाटलांचा मुलगा राणोजी त्यांच्या पदरी आला. शाहूंनी त्याला पुत्रवत वाढविले, विजयाची आठवण म्हणून ‘फत्तेसिंह’ हे नाव आणि आपले भोसले हे आडनाव दिले, आणि पुढे अक्कलकोटचा प्रांत त्याच्याकडे आला. येथे सन्मानाचे चिन्ह धातूचे नसून नावाचे आहे. अरबी ‘फत्ह’ आणि संस्कृत ‘सिंह’ यांचा तो जोडशब्दच त्या घराण्याचे पहिले पदक म्हणता येईल.

आपल्या परंपरेत लघुरूप नव्हतेच असे मात्र नाही. देव्हाऱ्यातील कुलदैवताचे टाक पाहावेत. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठसा घेऊन केलेला खंडोबाचा किंवा भवानीचा टाक दोन बोटे रुंद असतो. तरी तो देवळातील मूर्तीची नक्कल म्हणून हलका मानला जात नाही. अक्कलकोटात श्रीस्वामी समर्थांच्या प्रतिमेची छोटी पदके आणि लॉकेटे यात्रेकरू विकत घेतात, त्यांमागील भावनाही हीच आहे. घोडा, खड्ग, वटवृक्ष, आसन अशी लक्षणे ठरलेली असल्यामुळे आकार कितीही लहान केला तरी ओळख पटते. टाकाविषयी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. सुटा टाक बाजारात चांदीच्या भावाने विकला जातो. देव्हाऱ्यातील सगळे टाक एकत्र पाहिले म्हणजे त्या घराचे कुलदैवत, कुलस्वामिनी आणि घरातील पूर्वज यांचा पट उलगडतो. लघुपदकांच्या साखळीचे मर्म समजण्यास याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही.

४. जर्मन प्रघात

जर्मन सैनिकी पदकांत सर्वांत प्रसिद्ध असलेला लोहक्रूस प्रशियाचा राजा फ्रीड्रिख विल्हेल्म तिसरा याने १० मार्च १८१३ रोजी ब्रेस्लाऊ येथे स्थापन केला. नेपोलियनविरुद्ध युद्ध सुरू होत होते, खजिना रिकामा होता, आणि प्रजेला सोन्याचे दागिने देऊन लोखंडाचे घेण्याचे आवाहन झाले होते. अशा वेळी चांदीच्या कडेत बसविलेले साधे काळे लोखंड हा सर्वोच्च मान ठरावा, यात मोठा अर्थ होता. राजाच्या रेखाटनावरून त्याचा अंतिम आराखडा वास्तुशिल्पी कार्ल फ्रीड्रिख शिंकेल याने केला. हुद्दा न पाहता साध्या शिपायालाही तो मिळू शके. हे चिन्ह फक्त युद्धकाळापुरते असे आणि प्रत्येक मोठ्या युद्धात त्याची पुनःस्थापना होई. म्हणून त्यावर १८१३, १८७०, १९१४, १९३९ अशी वर्षे आढळतात.

याच्या उलट टोकाला ‘पूर ल मेरित’ हा सन्मान आहे. फ्रेडरिक दुसरा याने १७४० साली तो स्थापन केला. निळ्या मिन्याच्या या क्रूसावरील शब्द फ्रेंच आहेत, कारण त्या राजाच्या दरबाराची भाषा फ्रेंच होती. फ्रान्सशी लढून मिळविलेला मानही पुढे जर्मन सेनापतींनी फ्रेंच शब्दांतच मिरविला. १९१८ साली राजसत्ता गेल्यावर हा सैनिकी सन्मान देणे बंद झाले.

एकोणिसाव्या शतकात दरबारी आणि नागरी समारंभांत काळ्या शेपटीच्या कोटाचा पोशाख रूढ झाला. त्यावर चार-सहा मोठी पदके लावणे विशोभित दिसे आणि कापडही ओढले जाई. यातून लघुपदकांचा प्रघात वाढला. इंग्रजी पद्धतीत लघुपदक मूळ पदकाच्या सुमारे निम्म्या व्यासाचे असते: ३६ मिलिमीटरच्या पदकाची १८ मिलिमीटरची प्रत, आणि ती फितीसह आडव्या पट्टीवर लावतात. जर्मन प्रदेशांत यापेक्षाही लहान प्रती आवडीच्या होत्या. कोटाच्या डाव्या कॉलरवर एक नाजूक साखळी आडवी लावून तिच्यावर ही बोटाच्या नखाएवढी पदके ओळीने लोंबती ठेवीत. साखळीवर सामान्यतः फीत नसे.

ही पदके सराफांकडून आणि पदककारांकडून विकत घ्यावी लागत. बर्लिनचे गोडेट हे दरबारी जवाहीर, आणि बटणे व बिल्ले यांच्या धंद्यासाठी प्रसिद्ध असलेल्या ल्यूडेनशाइट गावातील १८८९ साली स्थापन झालेली श्टाइनहाउअर उंड ल्यूक ही पेढी, ही या व्यवसायातील दोन ठळक नावे. धारकाला सोन्यामिन्याची उंची प्रत घेता येई किंवा साधी मुलामा दिलेली. एकाच सन्मानाच्या दोन लघुपदकांत दिसणारा फरक पराक्रमाचा नसून ऐपतीचा आणि अभिरुचीचा असतो. मूळ पदकांत ही माहिती मिळत नाही.

५. साखळीचा वाक्यविन्यास

पदकांची ओळ एखाद्या वाक्यासारखी वाचावी लागते. वाक्यात जसा पदांचा क्रम, तसा येथे मानाचा क्रम. श्रेष्ठ पदक छातीच्या मध्यभागाकडे आणि बाकीची उतरत्या मानाने बाहेरच्या बाजूस, असा सर्वसाधारण नियम आहे. त्यामुळे पाहणाऱ्याला ओळ डावीकडून उजवीकडे वाचता येते.

जर्मनीच्या बाबतीत हे वाचन विशेष फलदायी ठरते, कारण १८७१ साली साम्राज्य झाले तरी प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी, व्युर्टेम्बर्ग, बाडेन इत्यादी राज्यांची सन्मानचिन्हे वेगळीच राहिली. हाम्बुर्ग, ब्रेमेन व ल्यूबेक या तीन व्यापारी नगरांनीही १९१५ साली आपापले लाल मिन्याचे क्रूस स्थापन केले. पहिल्या महायुद्धात द्वितीय श्रेणीचा लोहक्रूस सुमारे ५० लाख लोकांना मिळाला. एवढ्या मोठ्या संख्येमुळे एकट्या लोहक्रूसावरून धारकाविषयी फारसे काही सांगता येत नाही. त्याच्या शेजारी हाम्बुर्गचा क्रूस आला, की प्रदेश सूचित होतो. त्यापुढे दीर्घ सेवेचे चिन्ह आले, की पेशा कळतो.

कालनिर्णयाच्या दृष्टीने पुढील गमके उपयोगी आहेत. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी १३ जुलै १९३४ रोजी पहिल्या महायुद्धातील सैनिकांसाठी सन्मानक्रूस सुरू केला. प्रत्यक्ष लढलेल्यांच्या क्रूसावर दोन तलवारी आहेत, न लढलेल्यांच्या क्रूसावर त्या नाहीत, आणि मृतांच्या पत्नींसाठी व आईवडिलांसाठी काळा रंग दिलेला प्रकार आहे. हा क्रूस साखळीवर असेल, तर ती साखळी १९३४ पूर्वी सध्याच्या रूपात जुळविलेली असू शकत नाही, मग तिच्यावरील अन्य पदके कितीही जुनी असोत. दुसरे गमक पश्चिम जर्मनीच्या २६ जुलै १९५७ च्या कायद्याचे. त्या कायद्याने दुसऱ्या महायुद्धातील पदके स्वस्तिकचिन्ह काढून टाकून वापरण्यास मुभा दिली. १९३९ हे वर्ष असलेल्या लोहक्रूसाच्या मध्यभागी स्वस्तिकाऐवजी ओकची पाने असतील, तर तो १९५७ नंतरच्या नमुन्याचा आहे.

समजा, एका साखळीवर १९१४ चा लोहक्रूस, तलवारींसह १९३४ चा सन्मानक्रूस आणि ओकच्या पानांचा १९३९ चा लोहक्रूस अशी तीन लघुपदके आहेत. यावरून धारक दोन्ही महायुद्धांत होता एवढेच कळते असे नाही. १९५७ नंतर, वार्धक्याकडे झुकलेल्या वयात, त्याने बदललेल्या कायद्याप्रमाणे आपली साखळी नव्याने जुळवून घेतली. आणि दोन पराभवांनंतरही ती अंगावर घालावी असे त्याला वाटले, हेही कळते. हा जबाब कोणत्याही सरकारी दप्तरात मिळणार नाही. विक्रेत्याने त्या साखळीवरील तीन पदके सुटी करून तीन गिऱ्हाइकांना विकली, की हा जबाब कायमचा पुसला जातो. खेदाची गोष्ट अशी की सुट्या पदकांची एकत्रित किंमत बहुधा जास्त येते, आणि म्हणून साखळ्या मोडल्या जातात.

येथे एक इशारा आवश्यक आहे. १९३३ ते १९४५ या काळातील चिन्हे जपणे म्हणजे त्या राजवटीचा गौरव करणे नव्हे. तसा भास होऊ नये म्हणूनच संग्रहात प्रत्येक वस्तूचा काळ, हेतू व मिळकतीचा मार्ग यांची नोंद हवी. नोंदीवाचूनचा संग्रह हौसेचा राहतो आणि हौसेला दुरुपयोग टाळता येत नाही.

६. मराठी शिपाई आणि संस्थानिक

आता आपल्याकडे वळू. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात लढल्या आणि कुतच्या वेढ्यात त्यांनी अपार हाल सोसले. दुसऱ्या महायुद्धात त्यांची जर्मन सैन्याशी समोरासमोर गाठ पडली. मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन जून १९४२ मध्ये तोब्रुकच्या पाडावात शत्रूच्या हाती सापडली. इटलीत यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या आणि नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पैकी पहिला मरणोत्तर. फितीच्या पट्टीवर या क्रॉसची चिमुकली प्रतिकृती लावण्याचा नियम पहिल्या महायुद्धापासून आहे. ती मात्र धारकाच्या खर्चाची व हौसेची बाब नसून नियमाने ठरविलेली खूण आहे.

एरवी मराठी शिपायाच्या घरी लघुपदक सहसा सापडत नाही. लघुपदकाला सायंकालीन पोशाख लागतो, आणि मेसमधील भोजनाचा तो पोशाख अधिकाऱ्यांचा होता. शिपायाच्या घरी असते ते मूळ पदक. पहिल्या महायुद्धाच्या इंग्रजी पदकाच्या कडेवर धारकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली आहेत. बहुतेकांना ते चांदीचे मिळाले, मजूर तुकड्यांतील हिंदी लोकांना ब्राँझचे. धातूतला हा भेदही इतिहासच आहे. चांदीचे पदक अडीअडचणीला सोनाराकडे मोडीत जाणे अटळ होते. जेथे राणीछाप रुपयांना कडी लावून गळ्यातली माळ होते, तेथे पदकाने वेगळ्या नशिबाची अपेक्षा कशी करावी? मोडीत गेलेल्या अशा प्रत्येक पदकाबरोबर कडेवरचे एक नाव वितळले.

संस्थानिकांची गोष्ट निराळी. अक्कलकोटचे राजे फत्तेसिंहराव भोसले (तिसरे) यांनी पहिल्या महायुद्धात सैनिकी सेवा केली आणि त्यांच्या नावामागे कॅप्टन हा हुद्दा लागला. १९२३ साली त्यांचे अकाली निधन झाले. त्या पिढीतील संस्थानिकांच्या जीवनात लष्करी गणवेष, दरबारी पोशाख आणि युरोपीय सायंकालीन पोशाख हे तिन्ही होते, म्हणून मोठी पदके आणि लघुपदके या दोहोंना त्यांच्या घरी जागा होती. मूळ घराण्याला मिळालेला बहुमान नावाचा आणि मुलुखाचा. दोन शतकांनंतर त्याच नावाच्या वंशजाच्या काळातील बहुमान फितीचा आणि ठशाचा. राजसत्तेच्या स्वरूपातील बदल या एका तुलनेत सामावलेला आहे. १९४८ साली संस्थाने विलीन झाली. त्यानंतर अनेक घराण्यांतील अशा वस्तू वाटणीत आणि विक्रीत पांगल्या.

थोडक्यात, शिपायाच्या मूळ पदकावर नाव असते आणि ते एकटे असले तरी बोलते. अधिकाऱ्याचे किंवा संस्थानिकाचे लघुपदक निनावी असते. ते बोलते फक्त आपल्या ओळीत. पहिल्याचा शत्रू सोनाराची मूस, दुसऱ्याचा शत्रू ओळ मोडणारा विक्रेता.

७. आझाद हिंदची सन्मानचिन्हे

जर्मन कारागिरी आणि भारतीय शब्द यांचा एक अपूर्व संगम येथे नोंदविला पाहिजे. १९४२ साली नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी जर्मनीतील वास्तव्यात आझाद हिंदची सन्मानचिन्हे स्थापन केली. त्यांची घडण व्हिएन्ना येथील रुडोल्फ सूवाल यांच्या कारखान्यात झाली. उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या हिंदी सैनिकांतून उभ्या राहिलेल्या पलटणीसाठी ती मुख्यतः होती. काही जर्मनांनाही ती मिळाली. लढाईतील कामगिरीसाठी तलवारींसह आणि अन्य कामगिरीसाठी तलवारींविना, हा जर्मन संकेतच त्यांत पाळला आहे.

नावे मात्र आपली आहेत: शेर-ए-हिंद, सरदार-ए-जंग, वीर-ए-हिंद, शहीद-ए-भारत. पहिली दोन शुद्ध फारसी घडणीची. तिसऱ्यात संस्कृत ‘वीर’ फारसी संबंधदर्शक ‘ए’ने ‘हिंद’ला जोडला आहे, चौथ्यात अरबी ‘शहीद’ आणि संस्कृत ‘भारत’ त्याच दोऱ्यात ओवले आहेत. व्याकरणाच्या कडक दृष्टीने हे समास संकरित होत. परंतु त्या पलटणीत निरनिराळ्या धर्मांचे आणि भाषांचे शिपाई एकत्र ठेवलेले होते, आणि हिंदुस्थानी ही त्यांची व्यवहारभाषा होती, हे लक्षात घेतले म्हणजे या संकराचा हेतू स्पष्ट होतो. ज्याचे श्रेय आबिद हसन यांना दिले जाते ते ‘जय हिंद’ हे अभिवादनही याच घडणीचे आहे. शाहूंनी दिलेल्या ‘फत्तेसिंह’ या नावाच्या जातकुळीतलेच हे शब्द, सव्वादोनशे वर्षांनी पुन्हा सन्मानासाठी योजलेले.

संग्राहकाच्या दृष्टीने ही मालिका अवघड आहे. युद्धानंतरही व्हिएन्नातून तिच्या नव्या प्रती निघत राहिल्या, असे जाणकार मानतात. म्हणजे केवळ ठसा आणि कारागिरी यांवरून १९४२ ते १९४५ मधील प्रत आणि नंतरची प्रत निश्चयाने वेगळी करता येईलच असे नाही. येथेही निर्णय सोबतच्या पुराव्यावर ठरतो: पदक कोणाच्या घरातून आले, त्याबरोबर कोणते कागद, छायाचित्रे किंवा अन्य चिन्हे होती.

८. समारोप

वरील विवेचनाचे तात्पर्य संग्रहालये आणि विद्यार्थी यांच्यापुरते असे सांगता येईल. लघुपदकांची साखळी किंवा पट्टी मिळाल्यास ती ज्या क्रमाने मिळाली त्याच क्रमाने, दोन्ही बाजूंनी, मोजपट्टी ठेवून छायाचित्रित करावी. दाखलनोंद समूहाला एक द्यावी आणि पदकांना पोटक्रमांक द्यावेत. स्वच्छतेसाठी किंवा मांडणीच्या सोयीसाठी क्रम बदलू नये. क्रम चुकीचा वाटला तरी नाही, कारण धारकाची चूकही पुरावा असते. गावोगावच्या घरांतील मूळ पदकांच्या कडा वाचून त्यांवरील क्रमांक, नावे आणि पलटणी उतरून घेण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सहज करता येईल. वस्तू घरच्यांकडेच राहू द्यावी, नोंद विभागाकडे यावी. सोलापूर जिल्ह्यापुरती अशी यादी झाली, तरी तिच्या आधारे बेळगाव येथील मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राशी पत्रव्यवहार करून त्या माणसांचा माग काढण्याचा मार्ग मोकळा होईल.

देव्हाऱ्यातला टाक एकेकटा काढून विकू नये, हे आपल्या घरांत कोणाला शिकवावे लागत नाही. तीच रीत पदकांच्या ओळीला लावली पाहिजे. ही कामे मोठ्या खर्चाची नाहीत, मात्र ती चांदीचा भाव पुन्हा चढण्यापूर्वी व्हावयास हवीत.